गाडी कुठे लावायची?

ॲपलॅशियन ट्रेलवर जायचं ठरलं की बूट कुठले, पाणी किती हे सगळं नंतर, आमच्याकडे पहिला प्रश्न गाडी कुठे लावायची. जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी जवळपास 2200 मैलांची ही पायवाट, त्यातले 72 मैल आमच्या न्यू जर्सीच्या वाट्याला आलेत, आणि आम्ही त्यातले जेमतेम सात-साडेसात करणार, तेही शनिवारी डबा बांधून जायचं आणि संध्याकाळी घरी. तयारी बघाल तर वाटेल मेनलाच निघालोय.

यंदा बाबा सहा महिन्यांसाठी इथे आलेत. त्यांनी तरुणपणी राजगड-तोरणा इतक्या वेळा केलाय की मोजणं सोडलं, त्यामुळे मी नकाशा उघडला तसे चष्मा लावून शेजारी येऊन बसले. मी सांगितलं, रूट 517 ला गाडी लावायची, मग पोचक नावाच्या दलदलीवरून लाकडी फळ्यांची लांबच लांब वाट आहे, मध्ये झुलता पूल, पुढे गाईंचं कुरण, रूट 94 ओलांडला की वावायांडा डोंगराचा दगडी पायऱ्यांचा चढ, लोक त्याला स्वर्गाचा जिना म्हणतात. "माझ्या वयात तिथेच नेताय होय," बाबा म्हणाले. वरून खालची शेतं बघायची, थालीपीठ खायचं आणि परत.

"परत म्हणजे? त्याच वाटेनं? अगं मग पलीकडे उतरू की!"

बाबा, पलीकडे गाडी नाहीये.

"मग एसटी?"

एसटी पण नाहीये. यावर ते बराच वेळ गप्प. आणि खरं सांगू का, मलाही दर वेळी हे खुपतंच. राजगडाला एका गावातून चढायचं, धारेवरून तोरणा गाठायचा, वेल्ह्यात उतरून मिळेल ती गाडी पकडायची, चाललेली वाट पुन्हा तुडवायची नाही. इथे एवढी लांब सरळ वाट आखून ठेवलीये, झाडाझाडावर पांढरे पट्टे मारलेत, एकावर एक दोन पट्टे दिसले की वाट वळतेय समजायचं, म्हणजे चुकायची सुद्धा फारशी सोय नाही, आणि आपण मात्र दोरीला बांधलेल्या वासरासारखे गाडीभोवती फिरतोय. दोन गाड्यांचा प्रयोग केला होता मागे. एक शेवटाला ठेवली, दुसरीत सगळे कोंबून सुरुवातीला आलो, दिवसभर मस्त चाललो, आणि उतरल्यावर कळलं की या गाडीची किल्ली त्या गाडीत राहिली. (नवऱ्याच्या जॅकेटमध्ये. एवढंच लिहिते.)

वेळेचा हिशोब हा दुसरा घोळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने 1892 मध्ये नियम काढून ठेवलाय, दर तीन मैलांना एक तास आणि दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. आमचा चढ साधारण 900 फुटांचा, म्हणजे सगळं धरून तीनेक तास झाले. पण नेस्मिथच्या हिशोबात थर्मासमधला चहा नाही, प्रत्येक वळणावरचा ग्रुप फोटो नाही, आणि चौघांनी चार घरून आणलेल्या लसणाच्या चटणीची तुलना तर नाहीच नाही. मी सरळ दुप्पट धरते. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून चारला खाली. बाकी गोचिडीसाठी पँट मोज्यात खोचायची, अस्वल दिसलंच तर पळायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. अस्वलाचं ऐकून आईने येणं रद्द केलं, पण थालीपीठं तीच लावणार आहे.

रात्री झोपायला जाता जाता बाबा दारात थांबले. "दोन गट करा. एक इकडून निघेल, एक पलीकडून. मध्ये भेटलात की किल्ल्यांची अदलाबदल. ते त्यांच्या वाटेनं जातील, तुम्ही तुमच्या, आणि घरी येताना एकमेकांच्या गाड्या."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं इथे राहतोय, कुणाच्या डोक्यात आलं नाही. लगेच ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले, गाडीचा प्रश्न मिटला. आता थालीपीठांचा डबा कुठल्या गटाकडे यावर कालपासून 64 मेसेज झालेत.