तुम्ही विचारलंत म्हणून: पाळी, पोट आणि पाळणा लांबवायचं साधन

“ताई, पाळी आली का माझं पोट चालते. तुमी कोनतं साधन वापरलं?”

हा प्रश्न मला चक्कीवर येतो, एष्टीच्या थांब्यावर येतो, बचत गटाची मीटिंग संपवून चपला घालताना येतो. नेहमी हळू आवाजात. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांसमोर माझ्या पोटाची सगळी हकिकत सांगितली, तेव्हापासून हे सुरू आहे. प्रत्येकीला घाईत अर्धंमुर्धं सांगते आणि घरी आल्यावर आठवतं, अरे, हे राहिलं, ते राहिलं. म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही, आशाताईही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, चार एकरांत कापूस आणि तूर आहे, दोन मुलं आहेत.

माझं पोट लग्नाआधीपासूनच असं. पाळीच्या चार-पाच दिवस आधी गच्च व्हायचं, परकराची नाडी सैल करावी लागायची, संडासला साफ व्हायचं नाही. पाळी आली की सगळं उलटं. मुरडा यायचा आणि पळावं लागायचं. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. दुसऱ्या मुलाच्या वेळी दवाखान्यातच, बाळंतपणानंतर लगेच, तांबी म्हणजे कॉपर-टी बसवली. बसवताना मुलं किती, आणखी हवं का, एवढंच विचारलं. पोटाचं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाळी सुरू झाली तशी ती तीन दिवसांची सहा दिवसांवर गेली, आणि पोटाचे हालही दुप्पट झाले.

त्या वर्षीच्या वेचणीतला एक दिवस मी विसरत नाही. दुसऱ्याच्या वावरात मजुरीने गेलो होतो. कमरेला ओटी, अर्धी भरलेली. पाळीचा पहिला दिवस. मुरडा आला की ओटी सोडून पऱ्हाटीखाली ठेवायची, पाण्याची बाटली घ्यायची आणि तासं ओलांडत तुरीच्या आडोशाला जायचं. परत येऊन ओटीची गाठ मारते न मारते तोच पुन्हा. दुपारपर्यंत पाचदा. सोबतच्या बायका पुढे निघून गेल्या. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. संध्याकाळी काट्यावर माझा कापूस सगळ्यांत कमी भरला. एक म्हातारी मायेनं म्हणाली, “तुले हगवण लागली काय वं माय?” मी हो म्हटलं. दर महिन्याला त्याच दिवशी हगवण कशी लागेल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

नऊ महिने मी काढले. आधी एका खासगी दवाखान्यात गेले, तिथे जंताची गोळी आणि सलाईन मिळालं. मग तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात बाईडॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाळीचं विचारलं, आणि लगेच पुढचा प्रश्न: “संडासचं कसं आहे?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी दोन्ही गोष्टी एका दमात विचारल्या. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या.

त्यांनी केसपेपरच्या मागे पेनानं गर्भपिशवीचं चित्र काढलं, तिला चिकटून आतडं काढलं. पाळीच्या वेळी पिशवीचं आतलं अस्तर सुटतं, तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य निघतं. त्यानं पिशवी आवळते आणि अस्तर बाहेर पडतं. हेच द्रव्य शेजारच्या आतड्यालाही आवळायला लावतं, म्हणून मुरडा आणि जुलाब. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन वाढलेला असतो, तो आतडं मंद करतो, म्हणून तेव्हा पोट गच्च आणि खडा. हे थोडंफार पुष्कळ बायकांना होतं. पण जिचं आतडं मुळातच हळवं आहे, तपासणीत काही दिसत नाही आणि तरी पोट दुखतं, कधी बांधतं, कधी सुटतं, तिला पाळी जास्त छळते. त्या हळव्या आतड्याला आयबीएस म्हणतात, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम.

पण हे नाव देण्याआधी त्यांनी बरंच काही विचारलं, आणि मीही कोणाला उत्तर देताना आधी हेच विचारते. संडासवाटे रक्त जातं का? वजन आपोआप उतरलं का? रात्री झोपेतून उठून पळावं लागतं का? ताप राहतो का? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातलं एकही ‘हो’ असेल तर साधनाची गोष्ट मागे ठेवून आधी तपासणी. पाळीत संडास करताना किंवा एरवी नवऱ्याजवळ गेल्यावर आत खोल कळ येत असेल तर तेही सांगायचं, कारण एंडोमेट्रिओसिस नावाच्या दुखण्यात असं होतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे. माझं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, ते तांबीनंतरच्या रक्तस्रावानं. बाकी ठीक होतं.

मग त्यांनी दोन महिने कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हे दुधाचा हिशेब लिहितात, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. मी खालच्या कोपऱ्यात लिहू लागले: पाळीला गोल, मुरड्याला फुली, जितक्या वेळा संडास तितक्या रेघा. दोन महिन्यांत रेघांचा गठ्ठा गोलांपाशीच जमलेला दिसला. मधल्या दिवसांत रेघा होत्या, पण विरळ. माझ्या त्रासाचा मोठा वाटा पाळीशी बांधलेला आहे, हे त्या कागदावरून यांनाही पटलं. तोवर ते म्हणायचे, तिखट कमी कर.

तांबी काढून घेतली. काढायला काही मिनिटं लागली. तांबीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या बहिणीला ती वर्षानुवर्षं निभावली, आणि हार्मोन नको असतील तर त्यासारखं साधन नाही. एका प्रकारची तांबी १० वर्षं चालते. पण तिनं पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात, काहींच्या पुढेही तशाच राहतात. जिचं पोट पाळीतच बिघडतं तिला हे आधी माहीत असायला हवं. मला नव्हतं.

मी माला-एन ही पाळणा लांबवायची रोजची गोळी सुरू केली. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाकिटात २८ गोळ्या, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. या गोळीनं अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्त कमी जातं, प्रोस्टाग्लँडिन कमी सुटतं आणि मुरडाही कमी होतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की लोहाच्या गोळ्या सोडून लगेच दुसरं पाकीट सुरू कर, तीन पाकिटं सलग घे आणि मग थांब. म्हणजे पाळी दर महिन्याऐवजी दोन-अडीच महिन्यांनी. सुरुवातीला मधेच डाग दिसायचे, मग ते थांबले. असं करायचं ते डॉक्टरांना विचारूनच, आणि आशाताईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर २१ दिवसांत पाकीट कसं संपलं म्हणून त्या गोंधळतात. हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी मला वेगळी दिली. तिनं पोट बांधतं आणि संडास काळी होते, घाबरू नका.

आता पोट बिघडणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. गोळी पोटातून अंगात जाते. दोन-चार वेळा सैल झाली म्हणून काही बिघडत नाही. पण गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची. पाण्यासारखे जुलाब दिवसभराच्या वर चालले तर ते दिवस गोळी चुकल्यासारखे धरायचे आणि पुढे सलग सात दिवस गोळी नीट घेऊन होईपर्यंत निरोध वापरायचा. मी यांना हे कॅलेंडरसमोर उभं करून समजावलं. निरोध आता डब्यात असतो, आणायला मला सांगावं लागत नाही.

माला-एन प्रत्येकीची नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, बीपी असेल, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखत असेल, पायात रक्ताची गाठ झाली असेल, कावीळ किंवा लिव्हरचं दुखणं असेल, तर ही गोळी नको. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिननं तिचा असर कमी होतो. आणि आपल्याकडे सिकलसेल हा पिढीजात रक्ताचा आजार पुष्कळ आहे, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे. घरात कोणाला असेल तर गोळी मागण्याआधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

जिला गोळी पोटात टिकत नाही तिच्यासाठी अंतरा इंजेक्शन आहे, तीन महिन्यांतून एकदा, तेही सरकारी दवाखान्यात फुकट. त्याचा पोटाशी संबंध येत नाही, जुलाबानं ते वाया जात नाही, आणि वर्षभरात अनेकींची पाळी जवळजवळ थांबते. पण सुरुवातीचे काही महिने कधीही डाग पडतात. ज्या घरात अजून विटाळ पाळतात, तिथल्या सुनेला हे फार जड जातं. माझ्या शेजारणीनं याच कारणानं दुसरं इंजेक्शन घेतलं नाही. शिवाय एकदा टोचलं की परत काढता येत नाही, आणि थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागू शकतो. लवकर मूल हवं असेल तर विचार करा.

पाळणा लांबवायची आणखी एक गोळी म्हणजे छाया. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, दुकानात १९९१पासून सहेली नावानं मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. काहींची पाळी लांबते आणि कमी जाते. तांबीसारखीच पिशवीत बसवायची हार्मोनची टीही असते, तिनं रक्तस्राव खूप कमी होतो, पण आमच्या उपकेंद्रात ती मिळत नाही आणि खासगीत महाग पडते.

ऑपरेशन केलं की पाळीचा त्रासही जाईल, असं समजून बऱ्याच जणी रांगेत बसतात. नसबंदीनं फक्त दिवस राहणं थांबतं. पाळी तशीच येते, पोट तसंच चालतं. आणि कोणी “पिशवीच काढून टाक” म्हणालं तर तिथून उठा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आयबीएस आतड्याचं आहे, पिशवी काढून ते जात नाही.

माझंही गेलेलं नाही. बेसन जास्त झालं की अजूनही पोट फुगतं, लग्नातल्या पाटवडीच्या रश्शानंतर दोन दिवस ज्वारीची भाकर आणि ताकावर राहते. पाळी येणार त्या दिवशी जेवल्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेते. ती प्रोस्टाग्लँडिनच अडवते, पण अल्सर असलेल्यांनी घेऊ नये. यंदाच्या वेचणीत मात्र एकाही दिवशी तुरीत पळावं लागलं नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एका पोरीचा फोन आला. वर्षाचं लेकरू आहे, तांबी बसव म्हणतात. पाळीत पोटाचे हाल माझ्यासारखेच. सगळं ऐकून ती म्हणाली, “पन ताई, संडासचं सांगू काय सिस्टरले?”

“आधी तेच सांग,” मी म्हटलं.

मंगळवारी उपकेंद्रात सिस्टर असतात. ती कॅलेंडर घेऊन येणार आहे, मी सोबत जाते आहे.