३०८० बदलू का? तुम्ही विचारलंत म्हणून

"आरटीएक्स ३०८० आहे, १० जीबीचं. आता ५०८० घ्यावं का?" एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांबद्दलचा हा प्रश्न फार जणांकडून येतो, आणि तो एका ओळीत सोडवता येत नाही. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नवं कार्ड लागतच नाही, असं माझं मत आहे. पण ते तुमच्या मशीनवर मोजून ठरवायचं, माझ्या मतावर नाही.

आधी मॉनिटर बघा. १०८०पी आणि ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाचा विषय इथेच संपतो, पैसे मॉनिटरवर घाला. १४४०पी किंवा ४के असेल तर पुढे वाचा.

एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. पडद्यावर चार गोष्टी दिसू द्या: जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर आणि फ्रेमटाइमचा (एक फ्रेम तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. मग ज्या गेममध्ये त्रास होतो तोच अर्धा तास खेळा, आणि गर्दीचा भाग निवडा. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड खरोखर कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा. खात्रीसाठी रिझोल्यूशन थेट ७२०पीवर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर ५०८० लावूनही वाढणार नाहीत. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक गेमचा भार एकदोन कोअरवर पडतो आणि ते कोअर भरले की बाकीचे रिकामेच राहतात. ३०८० च्या जोडीला रायझन ५ ३६०० सारखा प्रोसेसर असेल तर हेच निघण्याची शक्यता मोठी. त्याच एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डावर बसणारा ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी प्रोसेसर मिळाला, तर आधी बोर्डाचा बायोस (त्याचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि मग तो बसवा. ९६ एमबीच्या एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीमुळे) अशा गेममध्ये जो फरक पडतो, तो कार्ड बदलून पडत नाही.

आता १० जीबीचा मुद्दा. ३०८० ची खरी कमजोरी हीच आहे. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'डेडिकेटेड' मेमरी काठोकाठ भरलेली आणि 'शेअर्ड' मेमरी चढत चाललेली दिसली, की कार्ड साध्या रॅमची उसनवारी करतंय. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ७६० जीबी वाहते. पीसीआयई ४.० च्या १६ लेनवरून रॅमकडून येणारा माल सेकंदाला जेमतेम ३२ जीबी. म्हणून सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात आणि तरी वळणावर मान फिरवली की गेम झटका देतो. यावर गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांच्या चित्रांची गुणवत्ता) एक पायरी खाली आणून बघा. झटके गेले आणि चित्र तुम्हाला चालण्यासारखं असेल तर अजून वर्षभर सहज निघेल. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) चालू ठेवायचंच असेल तर मात्र १६ जीबीला पर्याय नाही, कारण रे ट्रेसिंग स्वतःची वेगळी मेमरी मागतं.

तिसरी तपासणी लोक हमखास टाळतात. ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये आलं, म्हणजे सुरुवातीच्या कार्डांमधले उष्णता वाहून नेणारे पेस्ट आणि पॅड आता जुने झालेत. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'मेमरी जंक्शन' तापमान बघा. कार्डाची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास पोहोचली की कार्ड स्वतःच वेग उतरवतं. कोअर आणि हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत गरम बिंदू) यांच्या तापमानातलं अंतर २०-२५ अंशांच्या वर गेलं असेल तर पेस्ट सरकली किंवा सुकली समजा. पेस्ट बदलणं अवघड नाही, पॅड मात्र जपून. त्यांची जाडी मॉडेलनुसार बदलते, अगदी एकाच कार्डावर दोन-तीन जाड्या असतात. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तर हीटसिंक कोअरवर टेकतच नाही, आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. तुमच्या नेमक्या मॉडेलची मापं हातात असल्याशिवाय पॅड मागवू नका. धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका.

मग अंडरव्होल्ट, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. ८५० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर आणा, त्यापुढची रेषा त्याच उंचीवर सपाट करा आणि लागू करा. गेम बंद पडू लागला तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. ३२० वॅटचं कार्ड बहुतेकदा २५० च्या आसपास येतं, वेग जातो तो थोडासाच. मे महिन्यात एसी नसलेल्या नागपूर-अकोल्याच्या खोलीत हे ७० वॅट अंगाला जाणवतात. सोबत एनव्हिडिया ॲपमधून डीएलएसएसचं (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणाऱ्या सोयीचं) नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल निवडा, ते ३०८० वरही चालतं. एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने तयार करणं) मात्र ४० मालिकेपासून पुढेच मिळतं. त्याच्या ओढीने कार्ड घेऊ नका. मुळात ६० च्या आसपास फ्रेम असतील तरच ते बरं वाटतं. ३० वरून ९० केलेल्या फ्रेम दिसायला गुळगुळीत असतात, पण माऊस जडच राहतो.

एवढं सगळं करूनही जीपीयू ९९ टक्के आणि मेमरी भरलेली असेल, तर बदला. पण ५०७० घेऊ नका, १२ जीबी आणि जेमतेम पाव पट जादा वेगासाठी एवढा खर्च पटत नाही. ५०७० टीआय ३०८० च्या साधारण दीडपट, कधी त्याहून थोडं वर जातं. ५०८० त्याच्यापुढे आणखी १५ टक्क्यांच्या आसपास. मेमरी दोन्हींत १६ जीबीच. २०२५ च्या सुरुवातीला भारतासाठी जाहीर झालेल्या किमती ८०,००० आणि १,०७,००० रुपयांपासून होत्या, दुकानातले भाव वेगळे निघतात. पण या दोन कार्डांच्या किमतीतला फरक प्रोसेसर किंवा एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) खर्च केला तर जास्त कामाला येतो, म्हणून १४४०पी वाल्यांना मी ५०७० टीआयच सांगतो. ४के आणि रे ट्रेसिंग दोन्ही हवं असेल तरच ५०८०.

एसएमपीएस ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५० वॅटचा सांगितलेला आहे. नव्या कार्डाला १२ व्होल्ट-२x६ चा एकच छोटा कनेक्टर असतो. सोबतच्या ॲडॉप्टरमध्ये जितके ८-पिन जोड, तितक्या वेगळ्या केबल एसएमपीएसपासून आणा, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. कनेक्टर पूर्ण आत बसला का ते डोळ्यांनी बघा आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अर्धवट बसलेल्या पिनमधून प्रवाह असमान वाहतो आणि प्लॅस्टिक वितळतं. एसएमपीएस बदललात तर जुन्याच्या मॉड्युलर केबल नव्याला लावू नका, पिनची मांडणी वेगळी असते आणि हार्डडिस्क जळतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस ३६० वॅटच्या आसपास झेपवतो, गेम चालू असताना वीज गेली तर तो मशीन वाचवणार नाही.

कॅबिनेट मोजताना मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजा. पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर असेल तर पंख्यासकट पाच-साडेपाच सेंटिमीटर वजा करा. बरीच मॉडेलं ३३ सेंटिमीटरच्या आसपास आणि तीन स्लॉट जाड आहेत, खाली आधार लावाच.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा किंवा ऑनलाइन, सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. परदेशातून कुणी आणून देणार असेल, तर त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी लेखी विचारून घ्या.

बसवल्यावर बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मग विंडोज सुरूच होत नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या, बॅकअप घेऊनच. मग जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आरओपीचा (चित्राचे अंतिम पिक्सेल लिहिणाऱ्या चिपमधल्या भागांचा) आकडा बघा: ५०७० टीआयला ९६, ५०८० ला ११२. २०२५ च्या सुरुवातीच्या काही कार्डांत आठ आरओपी कमी निघाले होते आणि एनव्हिडियाने ते मान्यही केलं. आकडा कमी दिसला तर त्याच दिवशी दुकानात परत न्या. जुनं ३०८० तोपर्यंत विकू नका. नवं कार्ड आठवडाभर तुमच्याच गेममध्ये न अडखळता चाललं, की मगच जुन्याच्या विक्रीचं बघा.