हँगिंग फोर्कचा जॉन: पेन्शन गेली, मार्गरेट सापडली

सासूबाईंच्या माहेरचा पूर्वज जॉन मी जुन्या कागदांत शोधतेय: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला, केंटकीच्या लिंकन काउंटीतला. मागच्या वेळी तिथे एकाच नावाचे दोन जॉन निघाले आणि गाडी अडली होती. ती सुटली, पण सुटता सुटता आमची एकुलती एक पेन्शन फाइल घेऊन गेली. लिंकन काउंटीच्या कोर्टात 1832 च्या कायद्याखाली (त्या युद्धातल्या हयात सैनिकांना पेन्शन देणारा) ज्याने जबानी दिली तो जॉन आमचा नव्हे, हे आता मी पैजेवर सांगू शकते. ही बातमी सासूबाईंना अजून दिलेली नाही. त्यांच्या माहेरी त्या फाइलची झेरॉक्स पोथीसारखी जपलेली आहे.

संशय जबानीतूनच आला होता. मिलिशियावाल्यांकडे (गरजेपुरत्या बोलावलेल्या स्थानिक नागरी फौजेतले) कागदी पुरावा बहुधा नसायचा, म्हणून 1832 च्या अर्जदारांना ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठला, बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होतास, स्वखुशीने गेलास, सक्तीने की दुसऱ्याच्या बदली. पेन्शनवाला जॉन सांगतो की तो व्हर्जिनियाच्या रॉकब्रिजमधून तीन-तीन महिन्यांच्या टूरवर गेला, यॉर्कटाउनला होता आणि लढाई संपल्यावर केंटकीत आला. आमचा जॉन मात्र लिंकनच्या अगदी सुरुवातीच्या ऑर्डर बुकात (काउंटी कोर्टाच्या हुकमांची वही) रस्तादुरुस्तीच्या माणसांत दिसतो, आणि तेव्हा युद्ध संपायचं होतं. ट्रीवाल्यांकडे (इंटरनेटवर वंशवृक्ष टाकणारे) याचं उत्तर तयार: 'आला असेल, परत गेला असेल, पुन्हा आला असेल.' कंबरलँड गॅपच्या डोंगरखिंडीतून घोड्यावर तीनदा! म्हणायला काय जातंय?

या घोळाचं मूळ 1880 च्या दशकातल्या एका काउंटी इतिहासात आहे. हे ग्रंथ वर्गणीदारांच्या पैशांवर निघायचे, त्यामुळे वर्गणीदाराचे आजोबा हटकून शूर निघत. तिथे दोन्ही जॉन एका परिच्छेदात शिवले गेले आणि पुढे सगळ्यांनी तोच परिच्छेद उतरवला. एका पैसे घेणाऱ्या संकेतस्थळावर तर 'सुचवलेला पूर्वज' म्हणून हाच जोडजॉन रोज समोर येतो. ती सूचना मी बंद करून टाकली, तुम्हीही करा.

ती पेन्शन फाइल एस, म्हणजे सैनिकाच्या स्वतःच्या अर्जाची, असल्यामुळे बायकोचं नाव मिळायची आशा नव्हतीच. विधवेने अर्ज केला असता तर फाइल डब्ल्यू झाली असती आणि लग्नाची तारीख, साक्षीदार सगळं आयतं हाती आलं असतं. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेच्या याद्या उरलेल्याच नाहीत. राहता राहिल्या टॅक्स लिस्ट, म्हणजे करदात्यांच्या दरवर्षीच्या याद्या, म्हणून सलग सगळ्या वर्षांच्या वाचायला घेतल्या.

ज्यांनी केंटकीच्या याद्या हाताळल्यात त्यांना ठाऊक आहे की खरं सोनं उजवीकडच्या रकान्यांत असतं: किती एकर, कोणत्या ओढ्यावर, आणि ती जमीन मुळात कोणाच्या नावाने एंट्री (मागणी), सर्व्हे (मोजणी) व पेटंट (सरकारी मालकीपत्र) झाली. नावं गोंधळ घालतात, ओढा घालत नाही. आमचा जॉन म्हणजे 137 एकर, डिक्स रिव्हरचा हँगिंग फोर्क, पेटंट भलत्याच माणसाच्या नावाचं (त्याच्याकडूनच याने विकत घेतली). दुसऱ्या जॉनची जमीन वेगळ्या ओढ्यावर आणि पेटंटवाला वेगळा. जुन्या याद्यांत तारखेचाही रकाना आहे. कारकुनाने नावं अक्षरवार लावून शेजार मोडला तरी कर नोंदवणारा कमिशनर कोणत्या दिवशी कुणाकडे गेला ते राहिलंच. एका तारखेची सगळी नावं बाजूला काढली की आळी पुन्हा उभी राहते. आमच्या जॉनच्या तारखेला दरवर्षी तीच पाच-सहा घरं येतात. पेन्शनवाल्याच्या तारखेला त्यातलं एकही नाही.

आता गोम 'सीनियर-ज्युनियर'ची. हे बाप-लेक नव्हेत. एका काउंटीत एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, मग नातं असो वा नसो. सुरुवातीच्या याद्यांत आमचा जॉन सीनियर आहे. मग एका वर्षी तो गळतो आणि उरलेल्या जॉनच्या नावापुढची 'ज्युनियर'ची शेपटी जाते. काही वर्षांनी तिसराच एक तरुण जॉन कर भरायला लागतो, आणि कालचा ज्युनियर आज सीनियर होतो! ट्रीवाल्यांनी दोन्ही 'सीनियर' एकच धरले आणि आमच्या जॉनला मरणानंतर वीसेक वर्षं आयुष्य बहाल केलं.

आमचा जॉन गळाला त्याच्या पुढच्याच यादीत, एम अक्षराखाली नव्हे, आडनावाच्या अक्षराखाली अगदी तळाशी, घाईने घुसडल्यासारखी ओळ आहे: मार्गरेट, 137 एकर, हँगिंग फोर्क, पेटंटवाला तोच. मतदाराच्या वयाचा पुरुष घरात शून्य. घोडे तीन, आदल्या वर्षी जॉनच्या ओळीत होते तेवढेच. हीच मार्गरेट जमीन विकताना डॉवरचा हक्क (नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा वाटा) सोडणारी म्हणून डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, आधी भेटली होती. ही ओळ 1832 च्या कितीतरी आधीची आहे. मेलेला माणूस कोर्टात जबानी द्यायला येत नाही. रात्रीचा एक वाजला होता, घरात सगळे झोपलेले, नाहीतर मी पेढे वाटले असते.

त्याच ओळीत गुलामांचाही रकाना आहे. त्यात आकडा आहे, नावं नाहीत. सासूबाईंच्या गोष्टींत ही माणसं कधीच आली नाहीत. शॉनी हे तिथले मूळनिवासी लोक आले ते फक्त हल्ला करायला, जणू ती त्यांच्या शिकारीची जमीन नव्हतीच. मृत्युपत्र नसलं तरी मालमत्तेची यादी झाली असणार, आणि अशा यादीत गुलामांची नावं किमतीसकट लिहीत. मी पुढे डीडच्या मापांवरून 137 एकरांचा नकाशा आखणार होते, पोल-चेनचा (जमीन मोजायची जुनी मापं) हिशेबही मांडून ठेवला होता. तो राहू दे. आधी ती मालमत्तेची यादी (इन्व्हेंटरी) शोधायची, आणि त्या नावांची वेगळी वही करायची.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या फुल-टेक्स्ट शोधाने डीड आणि प्रोबेटच्या (मृताच्या मालमत्तेचे कोर्टाचे कागद) कामात कमाल केली आहे, हे मान्य करायला हवं. हस्ताक्षरातलं आडनाव शोधताना स्पेलिंगची चारही रूपं टाका आणि सोबत ओढ्याचं नाव द्या. टॅक्स लिस्टच्या रकान्यांत मात्र डोळे फोडण्याला पर्याय नाही.

राहिला प्रश्न सेवेचा. पेन्शन गेल्यावर आमच्या जॉनने बंदूक उचलली याचा एकही कागद माझ्याकडे नाही. 'लढाईबद्दल जमीन मिळाली' ही घरची कथा तर आधीच निकालात निघाली: केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होती, आणि व्हर्जिनियाची बक्षिसी जमीन काँटिनेंटल आणि स्टेट लाइन या नियमित सैन्यांत तीन वर्षं काढलेल्यांसाठी होती, मिलिशियासाठी नव्हती. शिवाय याने विकतच घेतली होती. आठवडाभर मी याच निराशेत होते. पण हा पुढचा परिच्छेद लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येतेय.

आमचा जॉन तेव्हा लिंकनमध्येच होता, म्हणजे त्याला रॉकब्रिजच्या सैनिकांच्या यादीत (रोलवर) शोधणंच व्यर्थ. लिंकनच्या मिलिशियाचा कर्नल बेंजामिन लोगन. 19 ऑगस्ट 1782 ला ब्लू लिक्सच्या लढाईत केंटकीचे सुमारे 70 जण पडले, तेव्हा लोगनची तुकडी मागून पोचली आणि तिने प्रेतं पुरली. त्याच नोव्हेंबरात सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्कबरोबर शॉनी गावांवर चाल झाली. क्लार्कच्या मोहिमांच्या पावत्या आणि पे-रोल रिचमंडला लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत. पब्लिक सर्व्हिस क्लेम्सही (सैन्याला दिलेल्या मालाच्या भरपाईचे दावे) तिथेच, आणि एखादा बैल किंवा मक्याची पोती सैन्याला दिल्याची नोंद निघाली तरी डीएआरला (त्या युद्धात साथ दिलेल्यांच्या वंशज स्त्रियांची संस्था) चालते.

दुसरी वाट त्या पाच-सहा शेजाऱ्यांची. एका आळीतले लोक बहुधा एकाच कॅप्टनच्या हाताखाली जात. त्यांच्यापैकी दोघे 1832 नंतरही जिवंत होते, म्हणजे त्यांनी अर्ज केला असेल तर त्यांच्या जबान्या एम804 मध्ये (पेन्शन फाइलींची मायक्रोफिल्म) असायला हव्यात. आज रात्री त्याच उघडते. लिंकनच्या कंपन्यांचे कॅप्टन कुणी आधीच लावून ठेवले असतील तर यादी पाठवा, बदल्यात मी तारीखवार शेजाऱ्यांचा तक्ता देते.