नवा टीव्ही घेण्याआधी जुन्याच्या मागची वायर पाहावी

नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या घरातला जुना टीव्ही यंदा उन्हाळ्यात बंद पडला. तो भिंतीवरून काढून मागची धूळ पुसायला बसलो तेव्हा जे दिसले, त्याची हळहळ अजून गेलेली नाही. सेट टॉप बॉक्समधून आलेली पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकांची वायर टीव्हीत खोचलेली होती आणि एचडी चित्र आणि आवाज एकाच वायरीने नेणाऱ्या एचडीएमआयची जागा रिकामी होती. संच फुल एचडी, बॉक्स एचडी, एचडी वाहिन्यांचे दरमहा जास्तीचे पैसेही आम्ही भरत होतो. तरीही बाबांनी चार वर्षे क्रिकेटचे सगळे सामने साध्या चित्रातच पाहिले. बसवायला आलेल्या माणसाने हाताशी होती ती वायर जोडली, चित्र दिसले, आणि आम्हीही पुढे काही विचारले नाही.

चित्र नेणाऱ्या त्या पिवळ्या टोकातून हाय डेफिनिशन, म्हणजे एचडी चित्र जाऊच शकत नाही. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६ असतात आणि डिजिटल रूपात ते चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे होते. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० चे, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे, बरोबर पाचपट असते. फोर-के संचाच्या पडद्यावर ३८४० बाय २१६० असे ८२,९४,४०० बिंदू असतात, म्हणजे साध्या चित्राच्या बरोबर वीसपट. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ‘एचडी रेडी’ संचाचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो. तो एचडी प्रक्षेपण स्वीकारतो खरा, पण १०८० ओळींचे चित्र आक्रसून दाखवतो. ‘रेडी’ या शब्दाने माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची फसगत झालेली आहे.

हे आकडे मी वहीत लिहूनच सीताबर्डीला गेलो. दुकानात प्रत्येक पडद्यावर समुद्रातले मासे आणि फुलांचे ताटवे झळकत होते. ‘भाऊ, फोर-केच घेऊन टाका,’ असे तिथला मुलगा म्हणाला. मी त्याला साधी, एचडी नसलेली मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगितली. त्याने जरा आढेवेढे घेतले, पण शेवटी बॉक्स जोडून ती लावली. पंचावन्न इंची फोर-के पडद्यावर खाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरे कडेने फिसकटलेली दिसत होती आणि निवेदिकेचा चेहरा मेणाचा वाटत होता. यात संचाचा दोष नव्हता. मूळ चित्रातल्या एका बिंदूच्या जागी त्याला वीस बिंदू भरायचे असतात, आणि त्यातले एकोणीस त्याला अंदाजानेच भरावे लागतात. आपल्या घरी जे पाहिले जाते तेच दुकानात लावून पाहावे, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे.

आकड्यापुढच्या अक्षराकडेही लक्ष द्यावे. १०८०-पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम येतात. १०८०-आय म्हणजे आधी विषम ओळी आणि मग सम ओळी. आपल्या बहुतेक एचडी वाहिन्या १०८०-आय पद्धतीने येतात. या दोन अर्ध्या चित्रांची जुळणी संचाला करावी लागते आणि ती नीट झाली नाही तर जामठ्याच्या मैदानावरून सीमापार जाणाऱ्या चेंडूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. म्हणून संच पारखताना स्थिर देखावा नव्हे, धावता खेळ पाहावा.

घरी टेप लावून मोजले, तर बाबांच्या दिवाणापासून भिंत साडेनऊ फुटांवर निघाली. निरोगी डोळ्याला सर्वसाधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. या अंतरावर तो सुमारे ०.८४ मिलिमीटर होतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावरचा बिंदू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे आमच्या खोलीत त्या आकाराच्या संचावर फोर-केचा जास्तीचा बारकावा डोळ्याला कळणारच नव्हता. पंचावन्न इंची संचावरही तो कळायला सात फुटांच्या आत बसावे लागते. शिवाय फोर-के चित्र इंटरनेटवरून पाहायचे तर नेटफ्लिक्ससारखी सेवा १५ एमबीपीएस वेग सुचवते आणि त्यासाठी वरच्या दराची वर्गणी लागते. त्रेचाळीस इंचांत आता फोर-केच संच जास्त दिसतात, म्हणून मीही तोच घेतला. मात्र निवड केली ती पडद्याची जात पाहून.

ती जात मला बिंदूंच्या संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते. आमची बैठक पश्चिमेला उघडते, खिडकीत कूलर असल्यामुळे तिचा पडदा पूर्ण ओढता येत नाही, आणि मे महिन्यात दुपारी चारनंतर खोली उजेडाने भरून जाते. अशा खोलीत चकचकीत पडद्यावर चित्राआधी खिडकीच दिसते. बाबा समोर बसतात. आई मात्र बाजूला जमिनीवर भाजी निवडत पाहते. आयपीएस पडदा बाजूनेही रंग टिकवतो, पण त्यातला काळा रंग करडा भासतो. व्हीए पडद्यावरचा काळा गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. आईच्या जागेचा विचार करून मी कमी चकाकणारा आयपीएस पडदा घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या एचडीआरला, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त खुलवणाऱ्या चित्राला, मी फारसे महत्त्व दिले नाही, कारण कमी किमतीचे बरेच संच तसे चित्र स्वीकारतात, पण ते खुलवण्याइतका प्रकाश त्यांच्या पडद्यात नसतो.

परवा शेजारच्या काकूंनी त्यांच्या टीव्हीचे चित्र अंधुक दिसते म्हणून नवा घ्यावा का, असे विचारले. मी आधी मागे वाकून पाहिले. एचडीएमआय वायर व्यवस्थित लावलेली होती, पण बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र ५७६ वर ठेवलेले होते. ते १०८० केले, पडदा क्षणभर काळा झाला आणि मालिकेतल्या पैठणीच्या काठावरचे मोर काकूंना दिसू लागले.