गेटवे ते राणीची बाग: कॅमेरा घेऊन एकटीनं

मुंबईतली शिल्पं टिपायची तर उन्हाच्या वेळा सांभाळून फिरावं लागतं. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं, पण एका ओळीत उरकायला गेलं की निम्म्या मूर्तींचे चेहरे अंधारात जातात. म्हणून नाशिकहून जाऊन मी मुक्काम फोर्टातच केला आणि उजाडताना चालत गेटवे गाठलं. सदाशिव साठे यांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा (१९६१) याच वेळी बघावा. समुद्रावरून येणारं कोवळं ऊन ब्राँझवर पडतं, घोड्याच्या अंगावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. तासाभरात गर्दी होते. बंदोबस्त असतो, ट्रायपॉड नेऊच नका.

काळा घोडा तिथून चालत. लायन गेटच्या बाजूनं जाणार असाल तर कॅमेरा पिशवीत ठेवा, नौदलाच्या हद्दीत फोटोला बंदी आहे. चौकातला आजचा घोडा श्रीहरी भोसले यांचा, २०१७ साली बसवलेला. त्याच्यावर स्वार नाही. मूळचा घोडा, स्वारासकट म्हणजे ब्रिटनच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ मध्येच इथून हलवला गेला, तो राणीच्या बागेत आहे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. दार उघडताच आत शिरा, शाळांच्या सहली यायच्या आत मधलं दालन मोकळं मिळतं. फोटोसाठी वेगळे पैसे पडतात, ते तिकिटाच्या खिडकीवरच भरा. फ्लॅश चालत नाही. घुमटाखालच्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातलं लाकडी कमानकाम बसवलेलं आहे. आपल्या गावचं लाकूड इथं इतक्या मानानं जपलेलं पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही. सिंधमधल्या मीरपूरखासची भाजक्या मातीची बुद्धमूर्तीही चुकवू नका.

दुपारी फोर्टात मान वर करून चाला. महात्मा गांधी रस्त्यावरच्या न्यू इंडिया अश्युरन्सच्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांची शिल्पं आहेत. इमारत १९३० च्या दशकातली. राजे नाहीत, देव नाहीत. भिंतीवर कष्टकरी माणसं कोरलीत. इतक्या मोठ्या मराठी शिल्पकाराचं काम रोज हजारो लोकांच्या डोक्यावर असतं आणि थांबून बघणारं कुणी नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. समोरच्या फुटपाथवरून, लांब पल्ल्याच्या लेन्सनं काढा. अगदी खालून काढलं तर आकृत्या आखडून जातात. मोबाइल असेल तर रस्ता ओलांडून मागं सरा आणि दुप्पट-तिप्पट झूम वापरा.

सीएसएमटी पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तिथं चारनंतर. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: ब्रिटन आणि हिंदुस्थान. घुमटावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती' उभी आहे. पण माझा सगळा वेळ भिंतीवरच्या दगडी प्राण्यापक्ष्यांनी आणि पानाफुलांनी खाल्ला. त्या कोरीवकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचाही हात आहे. एकटीनं फिरताना रस्त्याच्या कडेला डोळा कॅमेऱ्यात घालून उभं राहायचं तर पाठ भिंतीला किंवा खांबाला लावायची आणि पिशवी पुढं घ्यायची. त्यामुळं हातही स्थिर राहतो.

भायखळ्यासाठी वेगळा दिवस ठेवा. बुधवारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही बंद असतात. १८७२ साली उघडलेल्या या संग्रहालयात वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं. त्यावर उपाय म्हणजे गडद कपडे घालून जायचं आणि लेन्स काचेच्या अगदी जवळ, थोडी तिरकी धरायची. काचेला टेकवायची मात्र नाही.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला नेऊ पाहत होते, उचलताना तो फुटला आणि पुढं इथं आणून जोडला गेला. जवळ जाऊन अंगावरचे सांधे बघा. ऊन तिरपं असताना ते फोटोत स्पष्ट येतात. काळा घोडा चौकातला मूळ एडवर्डही इथंच आहे. भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, तिथून बाग चालत जाण्यासारखी आहे.