हाय आयलंड : आखात ओलांडून आलेल्या पक्ष्यांचा मुक्काम

टेक्सासच्या किनाऱ्यावरचे हाय आयलंड हे नावाने बेट असले, तरी प्रत्यक्षात ते सपाट दलदलीतून जेमतेम दहा मीटर वर आलेले एक छोटे गाव आहे. जमिनीखालच्या मिठाच्या घुमटामुळे ही जागा वर उचलली गेली आणि कोरडी राहिली, म्हणूनच तिथे ओक, तुती आणि हॅकबेरीची झाडे वाढू शकली. एप्रिलमध्ये ह्यूस्टनला ताईकडे गेले असता आम्ही दोघी गॅल्व्हेस्टनहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने तिथे पोहोचलो, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि उत्तरेचा वारा सुटला होता.

हा वारा पक्ष्यांच्या मुळावर येणारा. वसंतात उत्तरेकडे स्थलांतर करताना युकातान द्वीपकल्पाहून सूर्यास्तानंतर निघालेले टॅनेजर, ओरिओल आणि वॉर्ब्लर हे छोटे पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे हजार किलोमीटर न थांबता उडतात. वारा पाठीशी असला तर त्यांतले बरेचसे किनारा ओलांडून आतल्या मोठ्या अरण्यांपर्यंत जातात; समोरून वारा आणि पाऊस आला, की मात्र जमीन लागताच दिसेल त्या झाडावर उतरतात. ह्यूस्टन ऑडुबॉन संस्थेने राखलेल्या बॉय स्काउट वुड्स या राईत एक स्कार्लेट टॅनेजर आमच्या अगदी जवळच्या फांदीवर पिकलेली तुती चोचीत दाबत बसला होता. लालभडक अंग, काळे पंख किंचित लोंबलेले, चोचीच्या कडा रसाने जांभळ्या. माणसांची दखल घेण्याचेही त्राण त्याच्यात नसावे.

निघण्यापूर्वी हे पक्षी भरपूर खाऊन चरबी साठवतात, काहींचे वजन तर जवळजवळ दुप्पट होते. तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थापेक्षा चरबी दुपटीहून अधिक ऊर्जा देते आणि ती जळताना पाणीही तयार होते. पण लांबच्या उड्डाणात स्नायू आणि आतडीही झिजतात. त्यामुळे उतरल्यावर खाल्लेले लगेच अंगी लागत नाही. आधी आतडी पूर्ववत व्हावी लागतात. म्हणूनच इथली निवांत जागा मला फळांइतकीच मोलाची वाटली.

जायचे असल्यास दुपारी जावे, कारण आखात ओलांडून येणारे पक्षी बहुधा त्याच सुमारास पोहोचतात. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून पक्षी खाणे सोडून धावत येतो आणि त्या वेळी त्याच्याजवळ खर्च करण्यासारखे काहीच उरलेले नसते.