तुम्ही विचारलंत म्हणून: वकील असूनही मला ‘दामिनी’ का आवडतो

“ताई, तुम्ही रोज कोर्टात उभ्या राहता, तरी असला खोटा कोर्टाचा सिनेमा एवढा रंगून कसा पाहता?” बाररूममध्ये, लग्नकार्यात, माहेरी, सगळीकडे मला हे विचारले जाते. आता एकदाच सविस्तर उत्तर देते.

चुका मला दिसत नाहीत, असे कृपा करून समजू नका. ‘दामिनी’ हा १९९३ चा हिंदी चित्रपट, सासरच्या घरात मोलकरणीवर झालेला बलात्कार पाहून साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या सुनेचा. बलात्काराचा खटला बंद दालनात चालवावा, ही तरतूद तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (ती २०२४ पर्यंत लागू होती) कलम ३२७ मध्ये १९८३ सालीच आली होती, आणि चित्रपटात मात्र सारे काही भरगच्च दालनात घडते. अमरीश पुरींनी रंगवलेला आरोपींचा वकील चढ्ढा साक्षीदार स्त्रीला ज्या रीतीने सोलून काढतो, तसे निव्वळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न रोखणे हे पुरावा कायद्यानुसार न्यायाधीशांचे कर्तव्य आहे. आणि सनी देओलच्या गोविंदसारखा खासगी वकील फिर्यादीच्या बाजूने स्वतः खटला चालवूच शकत नाही. त्याच संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे त्याने सरकारी वकिलांच्या सूचनेनुसार काम करायचे आणि पुरावा संपल्यावर, परवानगी मिळाली तर, लेखी युक्तिवाद द्यायचा. सनद नवी असताना मी हे सारे घरच्यांना सिनेमा थांबवून ऐकवत असे. तेव्हाच्या त्या मुलीचे, म्हणजे माझे, एकही वाक्य कायद्याला सोडून नव्हते. पण कलम ३०१ तिने तोवर फक्त वाचले होते.

ते भोगायला मिळाले तापीकाठच्या एका गावातल्या मारहाणीच्या खटल्यात. मी फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करत होते, आणि सारी भिस्त शेजारच्या एका मजूर बाईच्या साक्षीवर होती. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत ती मजुरी बुडवून यायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणायची, पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात बसायची. कधी आरोपीचे वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. संध्याकाळी पुढची तारीख घेऊन ती एस.टी. गाठायची. अखेर साक्ष झाली त्या दिवशी ती आरोपीच्या भावकीतल्या माणसाच्या मोटारसायकलवरून आली. मी घरात होते, मी काही पाहिले नाही, असे तिने खाली मान घालून सांगितले. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवून उलटतपास घेतला. मी मागच्या खुर्चीवरून चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून पुढे सरकवत राहिले. त्यांतले काही विचारले गेले, काही नाही. मला तोंड उघडण्याचा अधिकार नव्हता. बाहेर तिने मला एवढेच सांगितले की उद्याही त्याच शेतात वेचणीला जायचे आहे. तिला दोष देणे मला तेव्हा जमले नाही, आजही जमत नाही.

त्यानंतर ‘दामिनी’ पुन्हा पाहिला, तेव्हा घरातून, पैशातून, वेड्यांच्या इस्पितळातूनही आपल्या शब्दावर ठाम राहणारी साक्षीदार मला दिसली, आणि तिच्यासाठी उठून बोलणारा वकील दिसला. तारखांवरच्या ज्या भाषणाला लोक डायलॉगबाजी म्हणतात, त्याच्या पाठीशी तर त्याच संहितेचे कलम ३०९ होते: साक्षीपुरावा सुरू झाला की सुनावणी रोजच्या रोज चालावी, तहकुबीची कारणे नोंदवावीत. साऱ्या चित्रपटात कायद्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा तीच आहे, असे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

मग ही केवळ माझी भूक भागवणारी करमणूक आहे का? असेल. मला ती हवी आहे, आणि तिचे समर्थन करायला मी बांधील नाही. मात्र त्याच खटल्यातल्या फिर्यादीने नंतर मला विचारले होते, “वकीलसाहेब, पैसे घेऊन तुम्ही गप्प का बसलात? सिनेमात तर वकील उठून बोलतो.” मी त्याला कलम समजावले, त्याला ते पटले नाही. तो अविश्वास या चित्रपटांनीच पेरला, असे एक मन म्हणते. दुसरे म्हणते, त्याची तक्रार चित्रपटाच्या आधीपासूनची आहे आणि रास्त आहे.